बाकी क्षेम

परशुरामाने मुंबईला जावं हे घरात सगळ्यांशी बोलून ठरलं होतं. एक तुळसा तेवढी राहिली होती, आणि ती राहिली हे कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. तिला विचारायचं ते काय? एकोणतीस वर्षांपूर्वी तारींच्या घरात ती सून म्हणून आली, तेव्हापासून तिचं उत्तर घराला पाठ होतं. जावेचं बाळंतपण असो, शेताचा बांध फुटो, नवरा तीन वर्षांसाठी बोटीवर जावो, तुळसा दारामागून म्हणायची, "सगळां बरां आसा." तिला सगळे गरीब गाय म्हणत. गाय निदान हंबरते तरी.

या खेपेची नोकरी बाळाने शोधली होती. बाळा तिचा एकुलता एक मुलगा, मुंबईत एका कचेरीत कारकून. मे महिन्याच्या रजेवर येताना तो बापासाठी बातमी घेऊनच आला. परशुरामाचा बोटीवरचा जुना सोबती गुरुदास आता गोदीतल्या एका गोदामावर मुकादम होता, आणि त्याने पहारेकऱ्याची जागा धरून ठेवली होती. दिवसाची पाळी, राहायला खोली. होय की नाही एवढंच कार्डाने कळवायचं. आजचं टपाल पाच वाजता मालवणहून कसालच्या वाटेने सुटलं की कार्ड वेळेत पोचणार होतं, आणि पुढच्या मंगळवारी पावसाआधीची शेवटची बोट होती. ती चुकली की नारळी पौर्णिमा उलटेपर्यंत बंदरात बोट लागत नाही. तेव्हा जे काय ते आजच लिहायला हवं होतं.

परशुरामाने होय म्हटलं होतं. सकाळी विहिरीवर तो बाळाला म्हणाला, "तुज्या आवशीक माजी सवय नाय रे. तिचां सगळां मी नसताना बसलेलां आसा. मी उगीच मदी येऊन पडलंय."

तुळसा माडाच्या आड कपडे पिळत होती. तिने ते ऐकलं. अगदीच खोटं होतं असंही नाही, म्हणून ती कपडे पिळत राहिली.

परशुराम तारी आगबोटीवर सारंग होता. तीस-तीस खलाशी त्याच्या शिट्टीवर हलायचे. मग डोळ्यांच्या तपासणीत नापास झाला आणि गेल्या दिवाळीला ट्रंक घेऊन कायमचा घरी आला. बावन्न वर्षांचा गडी, अंगात अजून दोघांचं बळ, पण या घरात कुठे उभं राहावं हे त्याला कळत नसे. पहाटे चारला उठून तो पडवी धुऊन घासायचा. काशीबाईंच्या सारवणाची पार माती व्हायची. दोर दिसला की त्याचं वेटोळं करून खुंटीला अडकवायचा, मग तो म्हशीचा दोर का असेना. "घराची बोट केल्यान गो तुज्या घोवान," काशीबाई दिवसातून दोनदा तरी म्हणायच्या. त्या तुळसाची थोरली जाऊ, आणि घराच्या किल्ल्या त्यांच्या कमरेला.

नवराबायकोचं बोलणं "जेवलात?" आणि "जेवलंय" याच्या पलीकडे सात महिन्यांत गेलं नव्हतं. सगळ्या रजा एकीला एक जोडल्या तरी एकोणतीस वर्षांत दोघं तीन वर्षं काही एका छपराखाली राहिली नसतील, आणि त्या तीन वर्षांतही घर भरलेलं. भांडायला तरी माणसाची ओळख लागते. त्यांची तेवढीही झाली नव्हती.

जेवणं आटोपली आणि भाई पडवीतल्या खुर्चीत कलंडले. भाई हे परशुरामाचे थोरले भाऊ, बासष्ट वर्षांचे, शाळामास्तरकीतून निवृत्त झालेले. घरात येणारं पत्र तेच वाचायचे, सगळ्यांना बसवून, मोठ्याने. जाणारं पत्रही तेच लिहायचे. वाचून झालेलं पत्र त्यांच्या खोलीत टांगलेल्या जाड तारेत ओवलं जायचं आणि तिथेच राहायचं. धाकट्या भावजयीशी भाई कधी थेट बोलत नसत. खांबाकडे तोंड करून बोलत आणि खांबाने ऐकलं असं धरून चालत.

"बोटीच्या कंपनीचो एक दाखलो आसा," आताही ते खांबाला म्हणाले. "परशुरामान पत्राबरोबर धाडलेलो. निळो गोल शिक्को आसा तेच्यार. मुंबयक दाखवचो लागतलो. तारेत खंयतरी खाली आसतलो, तो जरा काडून ठेवक व्हयो." एवढं बोलून त्यांनी डोळे मिटले.

शिक्का ओळखायला वाचता यावं लागत नाही, म्हणून त्यांनी हे काम तुळसाला सांगितलं. तिला आता वाचता येतं हे ते विसरूनच गेले होते. मागच्या वर्षी रवळनाथाच्या देवळात दुपारचा बायकांचा साक्षरतेचा वर्ग भरला, तेव्हा तुळसा सहा महिने पाटी घेऊन गेली होती. "म्हातारपणी शाळा? आता काय मामलेदार होतलंस?" असं काशीबाईंनी विचारलं होतं. शाळेतल्या नव्या मास्तरांच्या बायकोने, आनंदीबाईंनी, तिला सगळ्यात आधी सही शिकवली: तुळसा परशुराम तारी. नवऱ्याचं नाव तिने कधी तोंडाने उच्चारलं नव्हतं, ते हाताने लिहिलं तेव्हा पाटी पुसवेना. शेवटी परीक्षा झाली, एक कागद मिळाला, आणि भाई खांबाला म्हणाले, "बरां झालां. आता पोथी वाचूक येतली." तेव्हापासून तुळसा पोथी वाचायची, पुड्यांचे कागद वाचायची. तारेतली पत्रं वाचावीत असं तिच्या मनातही आलं नाही. ती भाईंची होती.

खोलीत जाऊन तिने तार खुंटीवरून उतरवली आणि खिडकीपाशी बसली. पत्रं वरून काढावी लागत; सगळ्यात नवं वर, सगळ्यात जुनं तळाला. प्रत्येकाच्या पोटात एक भोक. ती शिक्का शोधत एकेक काढून मांडीवर ठेवू लागली. परशुरामाचं अक्षर मोठं, सुटं सुटं, शिकाऊ माणसाला सोपं. सहज नजर पडली म्हणून तिने एक ओळ वाचली, मग दुसरी. "तीर्थरूप भाई यांस साष्टांग नमस्कार. माडांना खत घातले असेल. बाळाचा अभ्यास पाहावा. बाकी क्षेम." पुढच्यातही तेच, त्याच्या आधीच्यातही तेच. आपला नवरा खतापाण्यापलीकडे काही लिहीत नाही हे तिला माहीतच होतं. ऐकलं होतं तसंच निघालं.

मग एकोणीसशे एकोणपन्नासचं एक पत्र आलं. त्यात "बाकी क्षेम"च्या खाली आणखी काही होतं.

तुळसाने बोट ठेवलं आणि अक्षर जुळवलं. "खालील ओळी तिला वाचून दाखवाव्या. तुळशी, अकरा वर्षे एकच गोष्ट विचारतो आहे. उत्तर येत नाही. तुला आवडत नसेल. यापुढे विचारणार नाही. प्रकृतीस जप."

तिने ते तीनदा वाचलं. "तिला" म्हणजे मी, हे समजायलाही तिला थोडा वेळ लागला. काय विचारत होता हा माणूस? तिने घाईघाईने त्याच्या आधीचं पत्र काढलं. "तुळशी, सुरंगी फुलली असेल. या साली तरी माळलीस का? एवढे भाईंना लिहायला सांग." त्याच्या आधीच्यात तेच. मधल्या काही पत्रांवर काळ्या शाईचे पट्टे होते. लढाईच्या वर्षांत गोरा साहेब पत्र फोडून बंदरांच्या नावांवर शाई फासायचा. सुरंगीला मात्र त्याने हात लावला नव्हता.

निळ्या शिक्क्याचा दाखला मध्येच कुठेतरी सापडला, तो तिने बाजूला ठेवला. तिला आता तळ गाठायचा होता. अडतीस सालचं पत्र सगळ्यांत लांब होतं, आणि तारेचं भोक नेमकं तिच्या नावातून गेलं होतं.

"तुळशी, काल पहाऱ्यावर असता परक्या बंदरातून कसल्या फुलांचा वास आला आणि मला सुरंगी आठवली. लग्नात तुझ्या आंबाड्याभोवती सुरंगीचा वळेसर होता. माझ्या सदऱ्याला तो वास तीन दिवस होता. मी सदरा धुवायला दिला नाही. आता फाल्गुन येईल. मी नाही म्हणून न माळता राहू नकोस. लोक नावे ठेवतील तर नवऱ्याने सांगितले आहे म्हणावे. तू माळलीस हे कळले की मला इथे बरे वाटेल. माळलीस का, एवढे कळव."

तुळसाचे कान तापले. पंचेचाळीस वर्षांच्या, सून आणायच्या वयाच्या बाईला भरदुपारी एकटीला लाज वाटली, आणि त्या लाजेच्या पाठोपाठ असा संताप आला की हातातलं पत्र चुरगळलं. अकरा फाल्गुन. पाणंदीतल्या सुरंगीखाली चादर घालून तिनेच कळ्या झाडल्या होत्या, तिनेच वळेसर ओवले होते. जावेला दिले, तिच्या मुलींना दिले, शेजारणींना दिले. स्वतःचं डोकं मोकळं, कारण नवरा दूरदेशी असलेली बाई माळून कुणाला दाखवणार? एका रजेत त्याने विचारलं होतं, तेही आता आठवलं. विहिरीपाशी. "काय माळणंस नाय गो?" काशीबाई शेजारी घागर घेऊन उभ्या होत्या. तुळसा पदर ओढून म्हणाली होती, "आता काय वय आसा?" तेव्हा ती एकोणतीस वर्षांची होती.

आणि तिला भाईंचा खोकला आठवला. दर पत्राच्या शेवटी, "बाकी क्षेम" म्हटल्यावर, भाईंना खोकला यायचा. खोकतच ते पत्राची घडी घालायचे, चष्मा काढायचे आणि उठायचे. एकोणपन्नासनंतर तो खोकला बरा झाला होता. घरात सगळ्यांना वाटलं, तंबाखू सोडली म्हणून.

तुळसाने दोन पत्रं ओटीत खोचली, पहिलं आणि शेवटचं. बाकीची होती तशी ओवून तार खुंटीला लावली. मग तिला खरी भीती वाटली. पत्रातला माणूस बोटीवर होता, अठ्ठावीस वर्षांचा. पडवी घासणारा तो हाच का? की तो एकोणपन्नास सालीच कुठल्याशा बंदरात राहून गेला, आणि हा नुसताच त्याची ट्रंक घेऊन आला?

मागच्या दारी काशीबाई आमसुलांसाठी रतांबे फोडत बसल्या होत्या. कोपरापर्यंत लाल हात, पुढ्यात सालांचा ढीग. तुळसा त्यांच्यासमोर टेकली आणि तिनेही एक रतांबा उचलला.

"वयनी, भावजी पत्र वाचून झाल्यार खोकत कित्याक?"

काशीबाईंचे हात थांबले. "तंबाखू खायत ना तेवा."

"तंबाखू मागीर सुटली. खोकलो आधी सुटलो."

काशीबाईंनी तिच्याकडे नीट बघितलं. मग तिच्या ओटीकडे बघितलं. "वाचलंस?"

"वाचलंय."

काशीबाईंनी पुढचा रतांबा फोडला. मग काशीबाई खालमानेने म्हणाल्या, "एकदा मी इचारलंय तेंका. म्हणाले, धाकट्यान बायलेक कायतरी लिवल्यान हा, माज्या तोंडाक शोभणा नाय. मी म्हटलंय, माका सांगा, मी तिच्या कानार घालतंय. तर तेंका माका सांगूक पण लाज."

"मगे माका इतक्यां तरी सांगूचां. कायतरी लिवल्यान हा म्हणान."

"सांगूचां होतां." काशीबाईंनी लाल हाताने कपाळावरचे केस मागे सारले, कपाळही लाल झालं. "खरां सांगू? माका जळफळाट झालो. तुजो घोव हजार कोसांवरसून तुका लिवता. माजो रोज समोर बसता, तेना माका पानात मीठ कमी आसा ह्याच्यापलीकडे कदी कायेक सांगूक नाय. मी म्हटलंय, नाय कळलां तर नाय कळलां. तुजां अडलां काय?"

तुळसाला राग यायला हवा होता. आला नाही. एवढ्या वर्षांत जाऊ तिच्याशी इतकं खरं कधी बोलली नव्हती.

"वाचून दाखव बगू," काशीबाई म्हणाल्या.

तुळसाने पत्र काढलं आणि अक्षराला अक्षर जोडत वाचलं. काशीबाई अर्धा फोडलेला रतांबा हातात तसाच धरून ऐकत होत्या. रस मनगटावरून ओघळत होता.

"सदरो धुवक दिल्यान नाय?"

"नाय."

"आणि मी तेका लाकूड म्हणतंय." त्या थोड्या हसल्या, मग गंभीर झाल्या. "आता काय करतलंस? चार वाजता कार्ड लिवतले. एकदा शबुद गेलो की गेलो. तो गडी परत येवचो नाय, माजां आयक. तुका तो व्हयो काय नको, ह्यां आदी ठरव."

"तो व्हयो काय कसां सांगू?" तुळसा म्हणाली. "माका तो ठावकच नाय. पण ज्याणा ह्यां लिवल्यान तो माका बघूचो आसा. तो गेलो तर मी कोणाक बघू?"

काशीबाईंनी रतांब्याची बी काढून टोपलीत टाकली. "मगे बोल. मी आसंय मागसून."

चारला चहा झाला आणि मंडळी पडवीत बसली. भाईंनी मांडीवर पाट घेतला, पाटावर कार्ड. बाळा त्यांच्या शेजारी. परशुराम पायरीवर बसून विहिरीच्या तुटलेल्या दोराला जोड देत होता, पेळ सोडून एकात एक गुंफत. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं तरी बोटांचं काही अडत नव्हतं. बायका उंबऱ्याच्या आत. कार्ड लिहिण्याची या घराची रीतच होती. भाई लिहिता लिहिता मोठ्याने म्हणत, मग प्रत्येकाला विचारून त्याची एक ओळ घालत, आणि शेवटी दाराला विचारत.

"चिरंजीव गुरुदास यास अनेक आशीर्वाद. परशुराम मंगळवारच्या बोटीने बाळाबरोबर निघत आहे. जागा कायम धरावी." भाईंनी मान वर केली. "बाळा, तुजां काय?"

"खोली झाडून ठेवा म्हणान लिवा."

"परशुराम?"

"लिवलात तितक्यां पुरे."

भाईंनी दाराकडे न बघता विचारलं, "आतसून काय?" आणि उत्तर यायच्या आधीच सवयीने टाक चालू केला. "घरातील मंडळी खु..."

"थांबा."

टाक थांबला. तुळसा उंबरा ओलांडून बाहेर आली. भाई असताना ती पडवीत कधी आली नव्हती. काय करावं हे न कळून भाईंनी खांब शोधला, पण ती नेमकी खांबापुढेच उभी होती.

"माका इचारल्याशिवाय माजां लिवा नकात, भावजी," ती म्हणाली. आवाज बारीक होता, पण सगळ्यांना ऐकू गेला.

"काय झालां?" भाई म्हणाले.

तिने ओटीतून पत्र काढलं. "ह्यां वाचूचां रवलेलां. मी वाचतंय."

मधलं भोक बघून भाईंनी आपल्या तारेतलं पत्र ओळखलं. त्यांच्या घशात खोकला दाटला.

"आता खोका नकात," काशीबाई दारातून म्हणाल्या.

तुळसा वाचू लागली. ओळीखालून बोट सरकवत, जोडाक्षरापाशी अडखळत, पुन्हा मागे येत. "पहाऱ्यावर" तिला दोनदा वाचावं लागलं. लोकांनी नावं ठेवण्याची ओळ आली तेव्हा बाळा उठून माडांकडे बघत उभा राहिला. आईबापांबद्दल असलं काही मुलाने ऐकायचं नसतं. परशुरामाचे हात दोरात तसेच अडकून राहिले होते. तो वर बघत नव्हता.

"माळलीस का, एवढे कळव," तुळसाने वाचलं आणि घडी घातली.

भाईंनी चष्मा काढला.

"मी थोरलो भाव," ते म्हणाले. "सगळी बसलेली. आमची आवस तेवा जिवंत होती. भावाच्या बायलेक सगळ्यांदेखत ह्यां कसां वाचू? माजी जीभ वळाक नाय. मी म्हटलंय, रजेर येतलो तेवा आपलां आपण बोलतलो. दर पत्रात तेना लिवल्यान, दर पत्रात मी गिळलंय. मगे अशी सवय झाली."

परशुराम पहिल्यांदा बोलला. दोराकडे बघतच बोलला. "लढायेत गोरो सायब आमची पत्रां वाची. काळी शाय फाशी. तेका मी रोज शिव्या घालीत होतंय, भाई. घरात पण एक सायब बसलो हा, ह्यां माका ठावक नाय होतां."

त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच भाईंना ते जास्त लागलं. त्यांनी चष्मा पुन्हा लावला, खांबाकडे जाणारी नजर वळवली आणि एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा तुळसाच्या तोंडाकडे बघून म्हणाले, "तुळशी, माजी चूक झाली."

तुळसाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते पुसलं नाही.

"पण आता काय त्याचां?" बाळा माडांकडे बघतच म्हणाला. "गुरुदासकाकांनी जागा धरून ठेवलेली आसा. टपालाची येळ होत इली."

"तू गप रव," काशीबाई म्हणाल्या. "मुंबयक पहारेकऱ्यांचो काय दुकाळ पडलो नाय."

"बाळाचां खरां आसा," परशुराम म्हणाला. आता त्याने वर बघितलं, डोळे बारीक करून. एवढ्या अंतरावरून त्याला तिचा चेहरा धूसरच दिसत असणार. "आता कित्याक वाचलंस तू? तेरा वर्सां झाली मी इचारूचां सोडलंय. मी आता बावन वर्सांचो. डोळे गेले. पडवी धुतंय तर तिचां सारवण जाता."

"तुमी बावन, मी पंचेचाळीस. माका वाचूक येऊन वरीस झालां," तुळसा म्हणाली. "तुमी धाडलात केवा, तां माका ठावक नाय. माका आज पोचलां. आज पोचलेल्या पत्राक आजच उत्तर देवचां लागता." ती थांबली, मग तिने सगळं एका दमात सांगून टाकलं. "माळूक नाय मी. अकरा वर्सां झाडाखालच्यो कळयो येचलंय आणि एक पण माळूक नाय. माका कोणी सांगूकच नाय. सांगल्यानी आसतां तर माळलंय आसतंय. लोक काय म्हणतले, ह्याचो इचार करूक नसतंय."

परशुरामाने दोर बाजूला ठेवला. या खेपेला त्याने त्याचं वेटोळं घातलं नाही.

तुळसा खाली बसली आणि तिने भाईंपुढचं कार्ड आपल्याकडे ओढलं. भाईंनी टाक तिच्या हातात दिला. "घरातील मंडळी खु" च्या खाली दोन बोटं जागा होती. तिने दौतीत टाक बुडवला, आशीर्वादाखालच्या ओळींवर आडवी रेघ ओढली, एक थेंब कार्डावर पडू दिला, आणि लिहायला सुरुवात केली. कुणी घाई केली नाही. काशीबाई दारातून मान उंच करून बघत होत्या, जणू त्यांनाही वाचता येत होतं. लिहून झाल्यावर तुळसाने फुंकर घातली आणि कार्ड व टाक दोन्ही नेऊन परशुरामाच्या पुढ्यात पायरीवर ठेवलं.

त्याने कार्ड डोळ्यांपाशी नेलं. वाकड्या ओळीत लिहिलं होतं: "ते येत नाहीत. तुळसा परशुराम तारी."

"खोटां आसात तर खोडा," ती म्हणाली.

परशुराम कार्ड धरून बसला. त्याने टाक उचलला, बोटांत फिरवला, परत खाली ठेवला. मग अगदी हळू, फक्त तिलाच ऐकू जावं एवढ्या आवाजात म्हणाला, "आता सुरंगी खंय? कदीच सरली."

"फाल्गुनात येतली."

"तवसर?"

"तवसर रवा."

परशुराम उठला. कार्ड सदऱ्याच्या खिशात घालून त्याने वहाणा पायांत सरकवल्या आणि अंगणात उतरला. चार पावलांवर थांबून मागे वळला. या वाडीत नवराबायको रस्त्याने बरोबर चालत नसत. बाई दहा पावलं मागे.

"टपालाच्या पेटयेसर येतंस?"

तुळसाने सवयीने काशीबाईंकडे बघितलं. काशीबाई घाईने आत वळल्या. त्यांना रतांबे आठवले होते. भाईंना खांब सापडला होता. तुळसाने लाल झालेली बोटं पदराला पुसली आणि पायरी उतरली.

"येतंय," ती म्हणाली. "जरा दमान चला."